डीडब्ल्यूजी उघडतं, पण एक्स्ट्रूड होत नाही: टूडी लेआउटवरून थ्रीडी मॉडेल करताना अडणाऱ्या जागा

नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरकडच्या जॉबवर्क युनिटमध्ये काम बहुतेकदा टूडी ड्रॉइंगच्या रूपातच येतं. पार्टी ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल मेल करते आणि संध्याकाळपर्यंत मॉडेल, वजन आणि कोटेशन मागते. फाइल सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये आणली की रेषा सगळ्या जागेवर दिसतात. एक्स्ट्रूड (सपाट आकाराला जाडी देणारी कमांड) दाबलं की मात्र काम अडतं, आणि ते साधारण तीन तऱ्हांनी: स्केच उघडं असल्याचा संदेश येतो, थिन फीचरवर आपोआप टिक पडते आणि भरीव प्लेटऐवजी पातळ भिंत उभी राहते, किंवा मॉडेल होतं, पण मापं भलतीच असतात. ऑटोकॅडमध्येच एक्स्ट्रूड करणाऱ्यांना सॉलिडऐवजी पोकळ सरफेस मिळतो. आजार तोच.

यावर बहुतेक जण आयात केलेल्या स्केचमध्येच झूम करून एकेक टोक जोडत बसतात. तिथे वेळ घालवू नका. टूडी ड्रॉइंग वाचायला माणूस आहे असं गृहीत धरून काढलेलं असतं. दोन रेषांच्या टोकांत ०.०३ मिमीची फट असली तरी डोळा कोपरा पुरा करून घेतो. सॉलिडवर्क्सला ती फट म्हणजे उघडा कंटूर, बंद न झालेली बाह्यरेषा. म्हणून दुरुस्ती टूडी फाइलमध्येच, आयात करायच्या आधी करायची. आणि ती खालच्याच क्रमाने करायची, कारण क्रम बदलला की एक पायरी दुसरीचं काम बिघडवते.

आधी एकक, आणि तेही मोजून

ड्रॉइंगवर लिहिलेल्या मापावर विश्वास ठेवू नका. डिस्ट कमांडने दोन बिंदूंमधलं खरं अंतर मोजा आणि ते लिहिलेल्या मापाशी ताडून पाहा. दोन्हींत फरक असेल तर पटीवरून कारण लगेच कळतं. २५.४ पट म्हणजे इंच आणि मिमीचा घोळ. ३०४.८ म्हणजे फूट. १००० म्हणजे मीटर, म्हणजे ड्रॉइंग बहुधा आर्किटेक्ट किंवा सर्व्हेअरकडून आलेलं. पट २, ५ किंवा १० अशी सरळ आली तर ड्राफ्ट्समनने मॉडेल स्पेसमध्येच स्केलने काढलं आहे आणि डिमेन्शन स्टाइलमध्ये डिमएलफॅक ही किंमत बदलून आकडे बरोबर दाखवले आहेत. १:५ ने काढलेल्या प्लेटवर डिमएलफॅक ५ असेल, तर कागदावर ५०० छापलं जातं आणि फाइलमध्ये रेषा १०० चीच असते.

कुठलीच पट जुळत नसेल आणि एखादंच माप चुकीचं असेल, तर ते हाताने टाइप केलेलं आहे. डिमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड पाहा. तिथे आकडा असेल तर भूमिती आणि आकडा यांतलं खरं काय, हे पार्टीला फोन करून विचारा. घाईत केलेल्या रिव्हिजनमध्ये आकडा बदलतात आणि रेषा तशीच राहते, म्हणून अनेकदा आकडाच खरा निघतो. पण हे स्वतः ठरवू नका.

फाइलचं एकक इनसयुनिट्स या व्हेरिएबलमध्ये असतं: १ म्हणजे इंच, २ फूट, ४ मिमी, ५ सेमी, ६ मीटर आणि ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. ० असेल तर समोरचं सॉफ्टवेअर स्वतःचा अंदाज लावतं. लेझर कटिंगवाल्यांकडून परत आलेल्या डीएक्सएफमध्ये (सॉफ्टवेअरांमध्ये देवाणघेवाणीची ड्रॉइंग फाइल) हे हमखास होतं, कारण तिथे अजूनही ऑटोकॅडचा जुना आर१२ फॉरमॅट चालतो आणि त्या फॉरमॅटमध्ये एककाची ही नोंदच नाही. आर१२ चा दुसरा त्रास असा की त्यात स्प्लाइन (मुक्त वक्र) आणि एलिप्स (लंबगोल) हे प्रकार नाहीत. वर्तुळ आणि आर्क सुखरूप येतात, पण लंबगोलाचे छोटे छोटे तुकडे होतात. थ्रीडीसाठी मूळ डीडब्ल्यूजी किंवा २००० नंतरच्या आवृत्तीची डीएक्सएफ मागा. मशिनसाठी काढलेली आर१२ परत मॉडेलिंगला वापरू नका.

इनसयुनिट्स बदलल्याने रेषा मोठ्या-लहान होत नाहीत, फक्त शिक्का बदलतो. मिमीमध्ये काढलेल्या फाइलवर इंचाचा शिक्का असेल तर तेवढा शिक्का ४ करा. रेषाच इंचात असतील तर स्केल कमांडने २५.४ पट करा आणि मग शिक्का बदला. एकच काम करून दुसरं राहिलं की आयात करताना घोळ परत उभा राहतो.

नाशिक तालुक्यातला प्लॉट आणि शून्यापासून २२०० किलोमीटर

भाग हलवला की थरथरतो, वर्तुळं अष्टकोनी दिसतात, स्नॅप चुकतो, किंवा सॉलिडवर्क्स आयातच नाकारतं. प्लान्ट लेआउट, शेड, पाइपिंग अशा कामांत हे दिसतं. सर्व्हेचं ड्रॉइंग यूटीएम निर्देशांकांत असतं, म्हणजे पृथ्वीचे झोन पाडून जागा मीटरमध्ये दिलेली असते. नाशिक झोन ४३ मध्ये येतं. शहराच्या आसपास ईस्टिंग (पूर्व दिशेचा आकडा) पावणेचार लाख मीटरच्या जवळपास आणि नॉर्दिंग (उत्तर दिशेचा) बावीस लाख मीटरच्या वर असतं. म्हणजे तुमची शेड शून्य बिंदूपासून सुमारे २२०० किलोमीटर लांब काढलेली आहे. ग्राफिक्स कार्ड बऱ्याचदा सिंगल प्रिसिजनमध्ये हिशेब करतं, आणि एवढ्या मोठ्या आकड्याला सिंगल प्रिसिजनमध्ये लगतच्या दोन किमतींमधलं अंतर पाव मीटर पडतं. थरथर त्यातून येते. सॉलिडवर्क्सचं कर्नल (भूमितीचा हिशेब करणारा गाभा), पॅरासॉलिड, शून्याभोवती प्रत्येक दिशेला ५०० मीटरपर्यंतच काम करतं, त्यामुळे तिथे थरथर दिसण्याची वेळही येत नाही.

मूव्ह कमांडने सगळं शून्यावर आणता येतं, पण फ्रीझ केलेल्या आणि लॉक केलेल्या लेअरवरची भूमिती मागेच राहते. मग झूम एक्स्टेंट्स केलं की पडदा मोकळा दिसतो आणि कोपऱ्यात एक ठिपका. त्यापेक्षा डब्ल्यूब्लॉक वापरा: ऑब्जेक्ट्स निवडा, बेस पॉइंट म्हणून भागाचा किंवा शेडचा पक्का कोपरा घ्या, एकक मिमी ठेवा आणि नवी फाइल लिहा. निवडलेला बेस पॉइंट नव्या फाइलमध्ये आपोआप शून्यावर येतो. शिवाय बॉर्डर, टायटल ब्लॉक आणि जुन्या ब्लॉकचा कचरा मागे राहतो. फक्त मूळ निर्देशांक कुठेतरी लिहून ठेवा, मॉडेल परत साइटच्या ड्रॉइंगवर बसवायची वेळ येते.

प्रत्येक व्ह्यूची वेगळी डब्ल्यूब्लॉक फाइल केली तर पुढचं काम निम्मं होतं. माप, मजकूर, हॅच, सेंटर लाइन यांपैकी काहीही त्यात घेऊ नका.

वरून जुळलेलं, बाजूने विस्कटलेलं

सगळ्यात जास्त वेळ खाणारा दोष हाच, कारण वरून पाहिलं तर काहीच चूक दिसत नाही. सगळं निवडा आणि प्रॉपर्टीजमध्ये स्टार्ट झेड, एंड झेड पाहा. शून्याऐवजी व्हेरीज दिसलं तर काही रेषा वरखाली आहेत. कुणीतरी थ्रीडी ब्लॉकवर स्नॅप करून रेषा काढली, किंवा सर्व्हेच्या बिंदूंना उंची होती, की असं होतं.

एक्सप्रेस टूल्समधलं फ्लॅटन हे सोपं औषध आहे, पण ते वक्रांचे प्रकार बदलू शकतं. स्प्लाइन गेली आणि हातात पॉलिलाइनचे तुकडे आले, असंही होतं. वक्र जपायचे असतील तर जुनी युक्ती चांगली: मूव्ह, सगळं निवडा, डिस्प्लेसमेंट ०,०,१ई९९ द्या, परत मूव्ह, ०,०,-१ई९९. एवढ्या प्रचंड आकड्यात १२ मिमीची उंची बेरजेत टिकतच नाही आणि परत येताना सगळं शून्यावर बसतं. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षर आणि अंक. ब्लॉकच्या आतल्या रेषांवर ही युक्ती चालत नाही, आधी एक्सप्लोड करा.

याच वर्गातला एक विचित्र दोष म्हणजे काही आर्क दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वाय अक्षाच्या पलीकडे, आरशात पाहिल्यासारखे जाऊन पडतात. भाग कधीतरी थ्रीडीत उलटा केलेला असतो आणि त्या आर्कची दिशा उणे झेडकडे असते. ऑटोकॅडला ते समजतं, काही नेस्टिंग सॉफ्टवेअरना समजत नाही. यावर मात्र फ्लॅटनच लागतं. वरची युक्ती आर्कची दिशा बदलत नाही.

दुहेरी रेषा, मग फटी

आता ओव्हरकिल, जुळ्या रेषा काढणारी कमांड. एकावर एक पडलेल्या रेषा, थोड्या एकमेकींवर चढलेल्या रेषा, दृश्य रेषेखाली दडलेली हिडन लाइन हे सगळं यात निघतं. लेअर, रंग आणि लाइनटाइप दुर्लक्षित करायला सांगा, नाहीतर वेगळ्या लेअरवरची जुळी रेषा तशीच राहील. टॉलरन्स ०.००१ मिमी पुरे. तो १ मिमी वगैरे ठेवला तर बारीक चॅम्फर आणि टोकाजवळचे छोटे आर्क गिळले जातात, आणि ते गेल्याचं तुम्हाला कटिंगनंतर कळतं. झेड सपाट केल्याशिवाय ओव्हरकिल चालवण्यात अर्थ नाही. वेगळ्या उंचीवरच्या दोन रेषा त्याच्या लेखी वेगळ्याच.

मग रेषा जोडायला पेडिट, मल्टिपल, जॉइन. फझ डिस्टन्स, म्हणजे जोडताना चालणारी फट, ०.०१ पासून सुरू करा, नाही जुळलं तर ०.०५. त्याच्याही वर जावं लागत असेल तर थांबा आणि ती जागा डोळ्यांनी पाहा. ०.१ मिमीच्या वरची फट म्हणजे बहुतेकदा फिलेटचा आर्क स्पर्शरेषेवर बसलेलाच नाही, किंवा एक माप बदललं आणि शेजारचं बदललं नाही. फझ वाढवून ती बंद केली की मॉडेल होतं, पण दोन भोकांमधलं अंतर बदललेलं असतं.

बंद झालं का हे तपासायला रीजन कमांड उत्तम. बाहेरचा आकार आणि ६ भोकं असतील तर ७ रीजन तयार झाल्याचा संदेश यायला हवा. ६ आले तर एक लूप उघडा आहे. ८ आले तर कुठेतरी जुळं वर्तुळ अजून शिल्लक आहे. आकडा पाहा आणि अनडू करा, रीजन ठेवायचे नाहीत.

पीडीएफवरून आलेल्या भूमितीला ही सगळी मेहनत करू नका. ऑटोकॅड २०१७ पासून पीडीएफइम्पोर्ट आहे, व्हेक्टर पीडीएफ असेल तर रेषा येतातही, पण त्या कागदाच्या स्केलवर आणि छपाईपुरत्या अचूकतेने. वर्तुळांचे तुकडे होतात, डॅश लाइनचा प्रत्येक डॅश वेगळा होतो. पीडीएफ खाली ठेवून वर नव्याने काढणं कमी वेळात होतं.

आयात आणि कुठला व्ह्यू कुठे

सॉलिडवर्क्समध्ये फाइल उघडताना नवीन पार्ट, टूडी स्केच हा पर्याय घ्या. लेअरच्या यादीतून नको ते काढा, एकक तपासा. मर्ज पॉइंट्स चालू ठेवून अंतर ०.०१ मिमी. कन्स्ट्रेंट्स जोडण्याचा पर्याय साध्या प्लेटला ठीक; शेकडो रेषांच्या लेआउटला बंद ठेवा, कारण सॉफ्टवेअर जवळपास समांतर दिसणाऱ्या रेषांनाही समांतर ठरवून टाकतं आणि स्केच हलवायलाही वेळ लागतो. त्यानंतरही एक्स्ट्रूड अडलं तर स्केच टूल्समधलं रिपेअर स्केच चालवा. ते उरलेल्या फटींवर भिंग नेऊन दाखवतं. चेक स्केच फॉर फीचर उघडे कंटूर सांगतं.

टूडी टू थ्रीडी टूलबारने आधी फ्रंट ठरवा, मग टॉप आणि राइट. सॉफ्टवेअर ते व्ह्यू घडी उभी केल्यासारखे आपापल्या प्लेनवर वळवतं. अलाइन स्केचने एक सामाईक कड जुळवून घ्या. चूक होते ती व्ह्यू ओळखण्यात. आपल्याकडे एसपी ४६ (ड्रॉइंगची भारतीय मानक पुस्तिका) प्रमाणे फर्स्ट अँगल चालतो: टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली, उजवीकडून पाहिलेला व्ह्यू फ्रंटच्या डावीकडे. अमेरिकन मूळ कंपनीचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये येतं, तिथे टॉप वर आणि उजवा व्ह्यू उजवीकडे. दोन्हींचा घोळ झाला की भाग आरशातला तयार होतो. सममित भागात ते कळतही नाही. कळतं ते एकाच बाजूला असलेल्या की-वे (चावीची खाच) किंवा स्लॉटमुळे, तेही जॉब झाल्यावर. टायटल ब्लॉकमधलं शंकूचं चिन्ह पाहा: शंकूची रुंद बाजू वर्तुळांकडे असेल तर फर्स्ट अँगल, अरुंद बाजू वर्तुळांकडे असेल तर थर्ड. चिन्हच नसेल तर हिडन लाइन पाहा. उजव्या व्ह्यूमध्ये ठळक दिसणारा स्लॉट फ्रंटमध्ये कुठल्या कडेला पडतो, यावरून निकाल लागतो.

आयात झालेलं स्केच निळं, म्हणजे अपूर्ण व्याख्येचं असतं. सगळं निवडून फिक्स करून ते काळं करण्याची सवय वाईट आहे. लेझरला एकदाच जाणारी प्लेट असेल तर स्केच तसंच वापरा, हरकत नाही. पण ज्या भागाला रिव्हिजन येणार, म्हणजे फिक्स्चर, ब्रॅकेट, मशिनची बॉडी, त्याचं आयात केलेलं स्केच फक्त मागे संदर्भाला ठेवा आणि त्यावर नवं स्केच मापं देऊन काढा. वीस मिनिटं जास्त जातात. पहिल्या रिव्हिजनला, होल पिच ८० वरून ८५ झाला की, ती वसूल होतात.

पॅनेलचा पत्रा: फ्लॅट लेआउटवरून घडी

नाशिकमध्ये इलेक्ट्रिकल पॅनेल आणि एन्क्लोजरचं काम भरपूर, आणि तिथे टूडी लेआउट म्हणजे उलगडलेला पत्रा. तो एक्स्ट्रूड करून स्केच्ड बेंड दिला की बाहेरचं माप जुळत नाही, ही कायमची तक्रार. कारण त्या फ्लॅटमध्ये कुणीतरी आधीच बेंड डिडक्शन (घडीपोटी कमी करायची लांबी) वजा केलेलं असतं, आणि तुमच्या सॉफ्टवेअरचा के-फॅक्टर (घडीत न ताणला जाणारा थर जाडीत कुठे आहे, तो गुणांक) वेगळा असतो.

हिशेब असा. १४ गेज, म्हणजे २ मिमी सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा, आतली त्रिज्या २ मिमी, ९० अंशाचा बेंड, के ०.४४. बेंड अलाउन्स = १.५७०८ × (२ + ०.४४ × २) = ४.५२ मिमी. डिडक्शन = २ × (२ + २) − ४.५२ = ३.४८ मिमी. बाहेरून ५० आणि ३० चा अँगल हवा असेल तर फ्लॅट ७६.५२. आता सॉफ्टवेअरमध्ये के ०.५ राहिला तर डिडक्शन ३.२९ येतं. एका बेंडला फरक ०.१९ मिमी, कुणाच्या लक्षात येत नाही. ६ बेंडच्या दरवाजाला तो १.१ मिमी होतो आणि बिजागरी बसत नाही.

म्हणून फ्लॅटची डीएक्सएफ आली तर के-फॅक्टर, त्रिज्या आणि डाय ओपनिंग विचारून घ्या. उत्तर मिळालं नाही तर उलटं जा: फ्लॅटची एकूण लांबी आणि घडीनंतरची बाहेरची मापं यांतला फरक बेंडच्या संख्येने भागा, तेच डिडक्शन. ते थेट बेंड डिडक्शन म्हणूनच भरा, के-फॅक्टरच्या मागे लागू नका. सगळे बेंड ९० अंशाचे आणि एकाच त्रिज्येचे असतील तरच ही भागाकाराची वाट चालते.

असेंब्लीतला लेआउट तुटतो तेव्हा

कन्व्हेअर, एसपीएम (खास एका कामासाठी बनवलेलं मशिन) किंवा वेल्डिंग फिक्स्चर यांत लेआउट स्केचवरून भाग चालवणं ही चांगली पद्धत आहे, पण बऱ्याच ठिकाणी ती बांधणीतच कच्ची असते. लेआउट असेंब्लीत, एक भाग लेआउटला बांधलेला, दुसरा त्या भागाच्या कडेला, तिसरा दुसऱ्याला. मधला भाग बदलला की साखळी तुटते आणि ट्रीमध्ये बाणापुढे प्रश्नचिन्ह दिसू लागतं, म्हणजे संदर्भाची फाइल उघडलेली किंवा सापडलेली नाही. बाणापुढे फुली असेल तर संदर्भ कायमचा तोडलेला आहे, तो परत येत नाही. तारा असेल तर फक्त लॉक आहे, उघडता येतो. घाईत ब्रेक ऑल दाबण्याऐवजी लॉक ऑल दाबा.

लेआउटसाठी वेगळा पार्ट करा, त्यात फक्त स्केच आणि प्लेन, भरीव काही नाही. तो असेंब्लीत सगळ्यात आधी, शून्यावर. प्रत्येक भागाने संदर्भ घ्यायचा तो याच पार्टचा, शेजाऱ्याचा नाही. पार्टीकडून लेआउटची नवी डीडब्ल्यूजी आली की जुनं स्केच पुसून नवं टाकण्याचा मोह होतो. प्रत्येक रेषेला आतून स्वतःची ओळख असते. रेषा पुसली की तिच्यावर टेकलेली सगळी मापं डँगलिंग, म्हणजे आधार सुटलेली, होतात, दिसायला नवी रेषा तिथेच असली तरी. नवं ड्रॉइंग वेगळ्या स्केचमध्ये आणा, जुन्यावर ठेवून फरक पाहा, आणि जुन्या स्केचमधली मापं बदला.

लायसन्स नसलेल्यांना फ्रीकॅडमध्येही हे सगळं जमतं. डीएक्सएफ आयात करून ड्राफ्ट वर्कबेंचमधलं ड्राफ्ट टू स्केच वापरा, मग व्हॅलिडेट स्केचने हरवलेले कोइन्सिडन्स (टोकाला टोक जोडलेलं असल्याची बंधनं) शोधून जोडा. डीडब्ल्यूजी थेट उघडायला वेगळा कन्व्हर्टर लागतो, त्यापेक्षा डीएक्सएफच मागा.

मॉडेल झालं की मास प्रॉपर्टीज उघडा. २०० × १०० × १० मिमीची एमएस (माइल्ड स्टील) प्लेट ७.८५ ग्रॅम प्रति घनसेमी घनतेने १.५७ किलो भरते, भोकांचं थोडं कमी. इंच-मिमीचा घोळ राहिला असेल तर वजन १६,३८७ पट वर किंवा खाली जातं, ते नजरेतून सुटत नाही. मटेरियल लावलेलं नसेल तर सॉलिडवर्क्स पाण्याची घनता धरतं आणि ०.२ किलो दाखवतं. तो आकडा तसाच कोटेशनमध्ये जाऊ देऊ नका.